सायकलचा स्पोक आणि आजोबांची खिडकी

सरकारी कारकुनाला एलटीसीवर परदेश पाहता येत नाही. त्यामुळे जावा बेटावर गेलो तो पदरचे पैसे मोडून, बोरोबुदुर आणि प्रांबानान पाहायला. त्या देवळांवर पुढे कधीतरी लिहीन. आज सांगायचं आहे ते योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेला, इमोगिरीच्या रस्त्यावर घेतलेल्या एका जेवणाबद्दल.

साते म्हणजे काडीत ओवून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे. मदुरा बेटाच्या लोकांचं साते शेंगदाण्याच्या दाट रश्शात येतं, पाडांगचं हळदीच्या पिवळ्या रश्शात. बालीत तर माशाचा खिमा गवती चहाच्या देठावर लिंपून भाजतात. आम्ही खाल्लं ते बांतुल भागातलं 'साते क्लाथाक'. मटणाला मीठ आणि फार तर थोडी लसूण, बस्स. काडी मात्र बांबूची नाही, चक्क सायकलच्या चाकाचा स्पोक! लोखंड तापतं आणि मांस आतूनही शिजतं. निखाऱ्यावर मीठ तडतडतं त्या आवाजावरून हे नाव पडलं, असं तिथले लोक सांगतात. सोबत भात आणि नारळाच्या रसातलं पातळ 'गुलाय'. गोव्याच्या माणसाला नारळाचा रस दिसला की परदेश निम्मा घरचा होतो.

जावातल्या फेरीवाल्यांनी साते घडवलं ते एकोणिसाव्या शतकात, अरब आणि भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांच्या कबाबावरून, असं बहुतेक लिहिणारे मानतात. शेंगदाणा आणि मिरची त्याआधीच अमेरिकेतून युरोपियनांच्या गलबतांतून पूर्वेकडे आलेली. सायकल आली डच राजवटीत. म्हणजे त्या ताटात अस्सल जावानीज काय, असा प्रश्न कोणी विचारलाच तर मी म्हणेन, हात.

पण मी दचकलो तो वेगळ्याच कारणाने. आम्हांला आणणारा ड्रायव्हर मोडक्या इंग्रजीत म्हणाला, त्या 'मेजा'वर बसू, 'जेंडेला'जवळ. वाचकहो, आपल्याकडचं मेज आणि जनेल! मग मी त्याला विचारतच सुटलो. काट्याला गार्पु, आपला गार्फ. बुटाला सपातु, आपल्या सपाता. चर्चला गरेजा, आपली इगर्ज. मेजवानीला पेस्ता, आपलं फेस्त. साते थंड झालं.

याचं मूळ शोधायला लांब जावं लागत नाही. नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोन्सु द आल्बुकेर्कने ऑगस्ट १५११ मध्ये मलाक्का घेतलं. १६४१ साली डचांनी ते हिसकावेपर्यंत तिथला कारभार गोव्याच्या अमलाखाली होता. सेंट झेवियरचं शवसुद्धा मलाक्कामार्गेच १५५४ साली गोव्यात पोचलं. मलाक्काच्या बाजारात मलय भाषा चाले, आणि बेटोबेटीचे व्यापारी तिथले शब्द आपापल्या घरी नेत. जावावर पोर्तुगीजांचं राज्य कधीच झालं नाही. तिथे हे शब्द मिरी-लवंगांच्या सौद्यांतून गेले. आमच्याकडे तेच शब्द राज्यकर्त्यांबरोबर आले, आणि १५६० साली सुरू झालेलं इन्क्विझिशनही त्यांच्याच बरोबरचं.

माझे आजोबा पोर्तुगीज अमदानीत गावच्या मराठी शाळेत मास्तर होते. घरात कोणी 'जनेल' म्हटलं की त्यांना ऐकूच येत नसे. 'खिडकी' म्हटल्याशिवाय उत्तर नाही. गोवा १९६१ साली मुक्त झाला तरी हा नेम सुटला नाही. आम्ही नातवंडं हसायचो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते, कारण त्यांनी काय सोसलं होतं हे आम्ही कधी विचारलं नाही. 'पगार' मात्र ते बिनदिक्कत म्हणत. तोही पोर्तुगीजच, हे कॉलेजात कळलं तेव्हा त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

ड्रायव्हरने शेवटी आणखी एक शब्द दिला. झेंड्याला त्यांच्याकडे 'बंदेरा' म्हणतात. पोर्तुगीज बांदैरा. डचांशी लढताना १९४६ ते १९४९ योग्याकार्ता हीच त्यांच्या प्रजासत्ताकाची राजधानी होती. त्या लाल-पांढऱ्या झेंड्यासाठी माणसं मेली, आणि त्याचं नाव पोर्तुगीज. ड्रायव्हरला हे ठाऊक नव्हतं. सांगितलं तर तो नुसता हसला आणि माझ्या ताटात उरलेलं गुलाय मागून घेतलं.

जेवण झाल्यावर पोऱ्याने आमचे स्पोक गोळा केले आणि पाण्याच्या बादलीत टाकले, धुवून पुन्हा वापरायला.