बाळाचा मेंदू मातृभाषेला कसा सरावतो?

मूल साधारणतः वर्षाचे झाले की पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते आणि तेथूनच त्याच्या भाषाशिक्षणास प्रारंभ होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बोबडे बोल फुटण्यापूर्वीच या शिक्षणाचा एक महत्त्वाचा टप्पा बव्हंशी पार पडलेला असतो. ध्वनींमधील कोणते फरक आपल्या भाषेत अर्थ बदलतात आणि कोणते बदलत नाहीत, याची निवड बाळाचा मेंदू पहिल्या बारा महिन्यांतच करू लागतो. गेल्या पाच दशकांतील संशोधनाने ही प्रक्रिया बरीचशी उलगडली आहे.

ओळख जन्माआधीची

गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत बाळाला ऐकू येत असते. गर्भाशयात शब्द स्पष्टपणे पोहोचत नाहीत. मात्र बोलण्याची लय आणि स्वरांचे चढउतार पोहोचतात. नवजात बालके परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतात, हे अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बालकांचे रडणे तपासण्यात आले. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर प्रामुख्याने चढत जाणारा, तर जर्मन बाळांचा उतरत जाणारा आढळला. त्या त्या भाषेतील बोलण्याची धाटणीही तशीच आहे.

सूर असा ओळखीचा असला, तरी वर्ण ओळखण्याच्या बाबतीत नवजात बाळ एका भाषेला बांधलेले नसते. अमेरिकेतील पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एक व चार महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. तोंडात चोखणी असलेल्या बाळाला एकच ध्वनी वारंवार ऐकवला की त्याचे चोखणे मंदावते. ध्वनी नवा वाटला की चोखण्याचा वेग पुन्हा वाढतो. या युक्तीमुळे 'ब' आणि 'प' यांतील भेद एक महिन्याच्या बाळालाही कळतो, हे सिद्ध झाले.

'त' आणि 'ट'चा प्रयोग

मराठी माणसाच्या कानाला 'ताक' आणि 'टाक' यांत गल्लत होण्याचे कारण नाही. इंग्रजी भाषकाला मात्र हा फरक सहसा जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेत त्यामुळे शब्दाचा अर्थ बदलत नाही. हिंदीतही असलेला हाच भेद कॅनडातील जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी आपल्या प्रयोगासाठी निवडला. आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाला ध्वनिक्षेपकावरून एकच अक्षर ऐकवले जाई. अक्षर बदलताच बाळाने मान वळवली, तर त्याला हलते खेळणे दिसे.

१९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष लक्षवेधी होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी 'त' आणि 'ट' वेगळे ओळखले. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना ते जमले. हिंदी बोलणाऱ्या घरांतील अकरा-बारा महिन्यांच्या बाळांमध्ये मात्र ही क्षमता टिकून होती.

ही केवळ क्षमतेची घसरण नव्हे. पॅट्रिशिया कूल व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इंग्रजीतील 'र' आणि 'ल' यांविषयी अमेरिकी व जपानी बाळांची तुलना केली. सहा ते आठ महिन्यांच्या वयात दोन्ही गट सारखेच होते. दहा ते बारा महिन्यांपर्यंत जपानी बाळांची कामगिरी घटली, तर अमेरिकी बाळांची सुधारली. परक्या भेदांकडे दुर्लक्ष करण्याच्या बदल्यात मेंदू आपल्या भाषेत तरबेज होत जातो.

मेंदूचा हिशेब

बाळ हे सारे कोणी न शिकवता साधते. कोणता ध्वनी किती वेळा आणि कशाच्या पाठोपाठ येतो, याची नोंद त्याचा मेंदू नकळत ठेवतो. जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची सलग माळ केवळ दोन मिनिटे ऐकवली. कोणती अक्षरे नेहमी एकत्र येतात, हे बाळांनी तेवढ्यात टिपले. मोठी माणसे बाळाशी बोलताना स्वर लांबवतात आणि सूर उंचावतात. या लाडिक बोलण्यात स्वर अधिक स्पष्ट होत असल्याने त्याचीही मदत होते.

मात्र नुसता आवाज पुरेसा नसतो. २००३ मध्ये कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्तींच्या सहवासात प्रत्येकी सुमारे २५ मिनिटांची १२ सत्रे घालवू दिली. ही बाळे चिनी ध्वनींतील भेद ओळखू लागली. तोच मजकूर चित्रफीत किंवा ध्वनिफितीद्वारे मिळालेल्या बाळांना काहीही लाभ झाला नाही. मोबाइल किंवा दूरचित्रवाणीवरील बालगीते माणसाच्या बोलण्याची जागा घेऊ शकत नाहीत, हा याचा व्यावहारिक अर्थ.

पालकांसाठी महत्त्वाचे

दोन भाषा ऐकल्याने बाळ गोंधळते, ही भीती निराधार आहे. गर्भावस्थेत दोन भाषा ऐकलेली नवजात बालकेही त्या दोन्ही वेगळ्या ओळखतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. घरात मराठी आणि शेजारी हिंदी किंवा गुजराती, अशा वातावरणात वाढणाऱ्या बाळाची चिंता करण्याचे कारण नाही. इंग्रजी लवकर यावी म्हणून आईवडिलांनी स्वतःला अवघड जाणाऱ्या भाषेत बाळाशी मोजकेच बोलण्यापेक्षा सहजपणे येणाऱ्या भाषेत भरपूर बोलणे हिताचे. परकी भाषा पुढेही शिकता येते. तिचे उच्चार साधायला तेव्हा अधिक कष्ट पडतात, एवढेच.

खरी काळजी घ्यायची ती श्रवणाची. दर हजार नवजात बालकांमागे एक ते तीन बालकांना जन्मतः कायमस्वरूपी श्रवणदोष असतो. असे बाळही सुरुवातीला हसते, हुंकार देते. त्यामुळे दोष अनेकदा बोलणे लांबल्यावरच लक्षात येतो आणि तोवर ध्वनी निवडण्याचा काळ हातचा गेलेला असतो. म्हणूनच पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असा क्रम तज्ज्ञ सुचवतात. ओएई ही प्राथमिक चाचणी बाळ झोपेत असताना काही मिनिटांत, कोणत्याही वेदनेशिवाय होते. प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वी ती झाली आहे की नाही, हे पालकांनी आवर्जून विचारावे.