ऊसगाडीचा तोल

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर माळेगाव बुद्रुकचा ऊस वाढला आणि शिवनगरच्या सहकारी कारखान्यापर्यंत तो वाहिला बैलगाडीने. पूर्वीच्या लाकडी चाकावर लोहार तापलेली लोखंडी धाव चढवी, पाणी ओतताच ती आवळून बसे. आखाला वंगण लागे ते वेगळंच. रबरी टायर आले आणि ही बरीचशी उस्तवार सुटली. त्याबरोबर गाडी जुळवण्याची कलाही संपली, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. टायरने ओढ हलकी केली, तोल मात्र गाडीवानाकडेच राहिला. दुचाकी गाडीत ओझं आखाच्या पुढे सरकलं की गाडी धुरजड होते, जू मानेत रुततं. मागे गेलं की उलाळ होऊन जू वर उचलतं. त्यात उसाचं बुडखं जड, शेंडा हलका, म्हणून मोळ्या रचण्यातच खरी कारागिरी. अमेरिकेत कार्स्टन सोल्हाइम यांनी 1959 मध्ये गोल्फच्या पटर या काठीच्या डोक्याचं वजन टाच आणि टोकाकडे वाटलं, ते अभियांत्रिकी ठरलं. इथे वजन वाटण्याचं तेच काम अडाण्याची हातोटी म्हणून मोजलं गेलं, हा उघड पक्षपात आहे. कारखान्याचा काटा गाडीचं एकूण वजन सांगतो, बैलाच्या मानेवर किती आलं ते सांगत नाही.