'आनंदी गोपाळ' : कादंबरीतली आनंदी किती खरी?

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली. ती खास किशोरांसाठी लिहिलेली नाही, तरी अनेकांच्या हाती ती शाळेच्या वयातच पडते. २०१९ मध्ये समीर विद्वांस यांचा त्याच नावाचा सिनेमा आला आणि निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावातल्या मुलीलाही ही गोष्ट मोबाइलवर पाहता येऊ लागली. गोष्ट खऱ्या बाईची आहे, मांडणी मात्र कादंबरीची. म्हणून एक प्रश्न पडतो : डॉक्टर व्हायची इच्छा नेमकी कोणाची? आनंदीची की गोपाळरावांची?

आधी पक्की माहिती. १८६५ मध्ये जन्मलेल्या यमुनेचं लग्न नवव्या वर्षी झालं. नवरा वयाने बराच मोठा, बिजवर, पोस्टात नोकरीला. त्यांनीच तिचं नाव आनंदी ठेवलं. बायकोने शिकलंच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला.

आता पत्रांकडे वळू. अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाई जुना हिशोब काढतात : लहानपणी लाकडाने मारलंत, खुर्च्या-पुस्तकं फेकलीत, सोडून जाण्याच्या धमक्या दिल्यात. विक्षिप्त पण तळमळीचा नवरा म्हणून कौतुकाने सांगितली जाणारी माणसाची ही दुसरी बाजू. आणि ती सांगतेय कोण? त्याच्याच हट्टाने लिहायला शिकलेली बायको. मला हे पत्र कोणत्याही नाट्यमय प्रसंगापेक्षा मोठं वाटतं.

पण म्हणून ती निव्वळ नवऱ्याच्या इच्छेवर चालणारी बाहुली होती, असंही नाही. फेब्रुवारी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला तिने लोकांसमोर उभं राहून, आपण अमेरिकेला का जातोय हे स्वतः सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हेही. एप्रिलमध्ये ती निघाली तेव्हा गोपाळराव सोबत नव्हते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात तिला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली होती, पण रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने ती गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

त्याच काळात मुंबईत रखमाबाई नवऱ्याविरुद्ध कोर्टात उभ्या होत्या. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या, आनंदीपेक्षा जेमतेम काही महिन्यांनी मोठ्या. मार्च १८८७ मध्ये, आनंदीबाई गेल्या त्याच्या पुढच्याच आठवड्यात, न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, मग त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. अनंत महादेवन यांनी त्यांच्यावर सिनेमा केलाय, पण 'आनंदी गोपाळ'इतका तो घरोघरी पोचला नाही. नवऱ्याला नकार देणारी नायिका आपल्याला अजून जरा जड जाते, असं माझं मत.

कादंबरी आवडली असेल, तर पुढे अंजली कीर्तने यांचं 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' घ्या. पत्रं आणि कागदपत्रं शोधून लिहिलेलं हे चरित्र. कादंबरीशेजारी ठेवून वाचलं की लेखकाने कुठे रंग भरलाय, हे सातवी-आठवीतल्या मुलांनाही ओळखता येतं.