पागेतली काडतुसे आणि चिंचेचे पाणी

काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ आठवते. ते काडतूस कागदाचे होते. दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. मागे जपून ठेवावे असे काही उरत नसे. पुढच्या दहा वर्षांत कागदाची जागा पितळेने घेतली आणि कागदाच्या काळात संभवतच नव्हता असा एक प्रश्न उभा राहिला: बार उडाल्यावर हाती राहिलेल्या पितळी पुंगळीचे काय करायचे?

आजचा धागा या पुंगळीच्या सफाईविषयी आहे. विषय क्षुल्लक वाटेल, पण त्याची वाट ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घोड्यांच्या पागांतून जाते.

१८६६ मध्ये वूलिचच्या एडवर्ड बॉक्सर या अधिकाऱ्याचे काडतूस ब्रिटिश सैन्यात आले. त्याची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे. ती तापलेल्या बंदुकीत अडकून बसे. १८८५ च्या सुदान मोहिमेत या दोषाची फार ओरड झाली. अखेर ओढून घडवलेली अखंड पुंगळी रूढ झाली.

‘ओढून घडवणे’ म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायला हवे. सात भाग तांबे आणि तीन भाग जस्त अशा पितळेची जाड चकती घ्यायची, दाबून तिची वाटी करायची आणि ती वाटी साच्यांतून पुन्हापुन्हा ओढत लांब नळी करायची. थंड धातूवर असा जुलूम केला की तो कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीत भांडे ठोकताना कारागीर ते मध्येच भट्टीत तापवून मऊ करून घेतो, तसेच इथेही टप्प्याटप्प्याने तापवावे लागते. मात्र शेवटी पुंगळीची मान आवळून अरुंद करतात, तेव्हा तिथे ताण साठून राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही.

पुंगळी हा काडतुसाचा सर्वांत महाग भाग. गोळी आणि दारू जाते, पुंगळी राहते. म्हणून काटकसरी मंडळी तीच पुन्हा भरतात. १८८० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या तुकड्या नेमबाजीच्या सरावासाठी स्वतः पुंगळ्या भरत असत. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून पितळ खाते, त्यामुळे पुंगळ्या लगेच गरम पाण्यात धुणे हा नियमच होता. साबण, सोडा, पाणी आणि ऊन, एवढाच काय तो खर्च.

धूररहित दारू आल्यावर गंमत झाली. राख कमी झाली, म्हणजे सफाई सोपी व्हायला हवी होती. पण त्या काळच्या प्राइमरमध्ये पाऱ्याचा क्षार असे. काळ्या दारूची भरपूर राख तो पारा बव्हंशी आपल्यात सामावून घेई. आता तो थेट पितळेत मुरू लागला आणि पुंगळी ठिसूळ झाली. वरून लखलखीत, आतून निकामी. हे दुखणे कितीही धुतले तरी जाणारे नव्हते.

आता पागेकडे येऊ. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत आणि काडतुसे कोरड्या जागी म्हणून घोड्यांच्या पागांत ठेवली जात. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तर न उडवलेल्या काडतुसांच्या मानेवर उभ्या चिरा! वाळताना लाकूड तडकते, तशीच ही तडक दिसे. म्हणून इंग्रजांनी तिला लाकडावरूनच ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव दिले. दोष कधी हवेला दिला गेला, कधी धातूला. धातुशास्त्राच्या पुस्तकांतून ही हकीकत इतकी सांगितली जाते की तिला दंतकथेची कळा आली आहे. पण तिच्यामागचे रसायन दंतकथा नव्हे.

१९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स’च्या नियतकालिकात कोडे सोडवले. घोड्याच्या मुतातून अमोनिया सुटतो. दमट हवेत तो तांब्याला धरतो आणि जिथे ताण साठला आहे नेमक्या त्या जागी, धातूच्या कणाकणांच्या सांध्यांतून चीर पाडत जातो. ताण, ओल आणि अमोनिया यांतले एक जरी काढले, तरी तडक टळते. उपायही त्यांनी दिला: मंद आचेवर तापवून ताण उतरवायचा.

तडकलेली पुंगळी म्हणजे केवळ नुकसान नव्हे. बार उडताना पुंगळी फुगून बंदुकीचा मागचा भाग बंद करते, तेव्हा कुठे तप्त वायू पुढे जातो. तीच फाटली तर तो वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो.

म्हणूनच अमोनियायुक्त पितळ-पॉलिश आज पुंगळ्यांना निषिद्ध मानतात. घरातल्या शोभेच्या पितळेला ते झटक्यात चकाकी देते. पुंगळीच्या बाबतीत ही चकाकी म्हणजे पागेलाच घरी बोलावणे. अमेरिकेतले हौशी नेमबाज स्वस्तात काम भागवायला कोमट पाण्यात थोडे लिंबूसत्त्व घालतात, किंवा फिरत्या पिंपात अक्रोडाच्या कवचांचा वा मक्याच्या बुरकुंडांचा भुगा घालून पुंगळ्या घोळवतात. लिंबूसत्त्वाची युक्ती आपल्याला शिकवायला नको. आजीने चिंचेने समई घासली, तेव्हा चिंचेतले टार्टरिक आम्ल हेच काम करत होते: वरचा काळा थर विरघळवायचा, धातूला फारसा धक्का लावायचा नाही.

मात्र आम्लातही फार वेळ ठेवले तर पितळेतले जस्त निघून जाते आणि वर गुलाबी तांबे दिसू लागते. तशी पुंगळी बाजूला काढतात. घाईने वाळवण्यासाठी फार तापवलेली पुंगळीही बाद, कारण तिचा तळ कडकच राहायला हवा.

लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो. नवशिके तो मळ समजून घासत बसतात. मान तापवून मऊ केल्याची ती खूण आहे. खासगी कारखाने विक्रीपूर्वी ती पुसून टाकतात आणि लष्कर ती मुद्दाम राहू देते, म्हणजे तपासणाऱ्याला पेटी उघडताच कळावे की या पुंगळ्यांचा ताण उतरवलेला आहे.