पोचपावत्या

वडाळ्याची खोली रिकामी करत होतो (इमारत एकदाची पुनर्विकासाला गेली!). माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. आत काही किमती असेल असं वाटलं होतं. निघाल्या सुतळीने बांधलेल्या मनीऑर्डरच्या पोचपावत्या. १९५१ ते १९८१, तीस वर्षांच्या!

ज्यांनी मनीऑर्डर पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोस्टाची ही सेवा १८८० सालची. मुंबईच्या पोस्टात पैसे भरायचे, गावचा पोस्टमन ते घरपोच मोजून द्यायचा. घेणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा, आणि ती पोचपावती परत पाठवणाऱ्याकडे यायची. माझे आजोबा वडाळ्याजवळच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. दर महिन्याची पावती ते जपून ठेवत. आठ जणांत एक खोली, जेवण खानावळीत, आणि पगारातला मोठा वाटा संगमेश्वर तालुक्यातल्या घरी. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं सगळ्यात जास्त, त्यामुळे यात आमचं वेगळं असं काही नाही. घरोघरी हेच होतं.

सगळ्या पावत्या तारखेने लावून बसलो. एक गोष्ट लगेच लक्षात आली. एरवी महिन्याला २० रुपये, पण जूनमध्ये ४०. का, ते बाबांनी सांगितलं. आमची शेती कुळाची. भात झालं की खोताचा खंड आधी जायचा. उरलेलं होळीपर्यंत कसंबसं पुरायचं. मग ऐन लावणीच्या दिवसांत सवाई-दिढीने भात उसनं काढायचं, म्हणजे एक मण घेतलं की पीक आल्यावर सव्वा किंवा दीड मण परत. नवं भात खळ्यावरूनच निम्मं दुसऱ्याच्या घरी! जूनच्या ४० रुपयांनी पावसाळ्याची बेगमी व्हायची, बैलांचं भाडं भागायचं. शेतात एक पायलीही जास्त पिकली नाही, पण जे पिकलं ते घरात राहू लागलं. रोख पैशाने शेतकऱ्याच्या घरात काय बदलतं, असं कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगेन. पैसा किती, याहून तो कधी येतो आणि नक्की येतो की नाही, हे जास्त महत्त्वाचं.

दुसरा बदल त्याहून मोठा. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला. खोती कायद्याने गेली ती पुढे १९४९ साली. तरी खोतांच्या खाजगी जमिनींवर कुळं राहिलीच. मग कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ तिचा मालक मानलं गेलं. पण फुकट नव्हे हं! आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान किंमत ठरायची आणि ती हप्त्यांनी भरायची. हप्ते थकले तर खरेदीच निष्फळ ठरायची तरतूद होती. ज्यांच्या घरी मुंबईहून काही येत नव्हतं त्यांनी हप्त्यासाठी रोकड आणायची कुठून? आमच्याकडे ती मनीऑर्डरने आली. काही पावत्यांच्या मागे आजोबांनी पेन्सिलीने 'जमीन हप्ता' असं लिहिलेलं आहे. शेवटी कलम ३२ म खालचं खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं.

आता जरा अवघड भाग. गावची मंडळी हे वाचतात, त्यांनी राग मानू नये.

प्रमाणपत्र थोरल्या आजोबांच्या नावाने निघालं, कारण जमीन कसणारे ते होते. तीसही वर्षांच्या पावत्यांवर अंगठा त्यांचाच. माझी आजी १९६३ पर्यंत गावी होती, चिखलात उभी राहून लावणी करत होती. एकाही पावतीवर तिचं नाव नाही, सातबाऱ्यावर तर नाहीच. नवऱ्याने पाठवलेल्या पैशातून साडी घ्यायची तरी जावेकडे मागायला लागायचं, असं आत्या सांगते. आमच्या घरात यावरून बरंच बोलणं झालेलं आहे. "आमच्या पैशावर जमीन झाली आणि नाव त्यांचं!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो.

पण पेटीतल्या पावत्या डिसेंबर १९८१ ला संपतात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजोबा, आजी, बाबा आणि आत्या सगळे गावी गेले. दीड वर्ष थोरल्या आजोबांनी या चार माणसांना जेवू घातलं. त्याच जमिनीतल्या भातावर. १९२८ चा सहा महिन्यांचा संपही कामगारांना झेपला तो बऱ्याच अंशी गावच्या घरांच्या आधारावर. या भाताची पोचपावती कुणी केली नाही, म्हणून तो कुणाच्या हिशोबात नाही. मला वाटतं, आपल्या भांडणाचं मूळ इथेच आहे. पैसे मोजले गेले, भात मोजलं गेलं नाही. आजीची लावणी तर अजिबातच नाही.

आता मनीऑर्डरच्या जागी खात्यात थेट पैसे आले. २०१९ साली केंद्राची पीएम-किसान सुरू झाली, वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत. २०२३ पासून त्यात राज्याच्या 'नमो शेतकरी' योजनेचे आणखी ६०००. एकूण महिना १००० पडतात. चुलतभाऊ म्हणतो, "जूनचा हप्ता वेळेवर आला तर खतबियाणं उधारीवर घ्यावं लागत नाही." सत्तर वर्षांनी तोच जून! पण हा पैसाही सातबाऱ्यावरच्या नावालाच मिळतो. तोंडी कराराने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला नाही, आणि नाव नसलेल्या बाईलाही नाही.

२०२४ साली 'लाडकी बहीण'चे पहिले पैसे आले तेव्हा वहिनीने मला फोनवर मेसेज दाखवला होता. तिच्या स्वतःच्या नावावर जमा झालेले. या योजनांवर टीका करणारे पुष्कळ आहेत, सरकारी तिजोरीची त्यांची काळजी खोटी नाही. मी मात्र तो मेसेज बघून आजीचाच विचार करत राहिलो.

पेटी मी गणपतीत गावी घेऊन जाणार आहे. पावत्यांवर अंगठा थोरल्या आजोबांचा आहे, तेव्हा त्या घरातच राहाव्यात. आत्या, तूही ये. आजीबद्दल सांगणारं आता तूच उरली आहेस. या वेळी ते मी लिहून घेणार आहे.