शिबंदी उलटते तेव्हा

गडाच्या रक्षणासाठी ठेवलेल्या शिबंदीनेच बालेकिल्ल्यावर तोफा वळवाव्यात, ही गोष्ट सहसा कोणाला खरी वाटत नाही. आपल्या देहातही असे घडू शकते, हे मान्य करावयास वैद्यकशास्त्राला सुमारे पन्नास वर्षे लागली.

१९०१ च्या सुमारास पॉल एर्लिख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग केले. एका शेळीला दुसरीचे रक्त टोचले, की त्या परक्या रक्तपेशींचा नाश करणारी द्रव्ये तिच्या रक्तात उत्पन्न होत. तिच्या स्वतःच्या पेशींना मात्र त्यांची बाधा होत नसे. ह्याला त्याने ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’, म्हणजे आत्मविषाचे भय, असे नाव दिले. शरीरात अशा द्रव्यांना आवर घालणारी काही योजना असली पाहिजे, असा त्याचा तर्क होता. मागून येणाऱ्यांनी मात्र ‘असे घडतच नाही’ एवढेच ध्यानात ठेवले. सरकारी दफ्तरात आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्याला ह्याचे नवल वाटत नाही. वरिष्ठांचा सावध शेरा खाली पोचेपर्यंत हुकूम होऊन बसतो!

पुरावे तर येतच होते. थंडी बाधताच काही रोग्यांची लघवी लाल होते. त्यांच्याच रक्तात स्वतःच्या तांबड्या पेशी फोडणारे द्रव्य असते, हे डोनाथ आणि लँडस्टायनर ह्यांनी १९०४ साली व्हिएन्नात दाखविले. तो अपवाद गणला गेला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर जनावरांच्या मज्जेपासून केलेली लस देत, तीमुळे क्वचित पक्षाघात होई. कसौलीस १९११ साली सिद्ध झालेली, मेंढीच्या मेंदूची लस आपल्याकडे दीर्घकाळ चालली. पोटात घ्यावयाची ती इंजेक्शने ज्येष्ठ श्रोत्यांना आठवत असतील. १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये रिव्हर्स व त्याच्या सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला, तेव्हा काहींच्या मेंदूला दाह झाला. दोष रोगजंतूचा नव्हता. शरीराचीच प्रतिक्रिया उलटली होती.

अखेर १९५६ साल उजाडले. अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोझ ह्या तरुण संशोधकाने सशाच्या थायरॉइड ग्रंथीचा एक भाग काढून त्याचाच अर्क त्या सशाला टोचला. उरलेल्या ग्रंथीवर त्याच्या शरीराने हल्ला चढविला. रोझचे गुरू विटेब्स्की एर्लिखच्याच शिष्यपरंपरेतले; तरीही त्यांनी प्रयोगाचा कौल मानला. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनिआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, हाशिमोटो ह्या जपानी वैद्याने १९१२ साली वर्णिलेल्या थायरॉइडच्या विकारात, रोग्यांच्या रक्तात तशीच द्रव्ये आढळली.

२०२५ चे नोबेल पारितोषिक ब्रंको, राम्सडेल आणि साकागुची ह्यांना मिळाले, ते अशा हल्ल्यास आवर घालणाऱ्या पेशींवरील शोधांसाठी. म्हणजे एर्लिखचा तर्क साधारच होता. त्याचा शेरा पुरता वाचला गेला नाही, आणि त्याची किंमत रोग्यांनी मोजली.