आई रिसोडलाच होती, जिल्हा हलला

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी ही या एपिसोडची लेखी आवृत्ती.

सुरुवात माझ्या आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून. त्यावर लिहिलंय : रिसोड, जि. अकोला. आधारवर : रिसोड, जि. वाशिम. एका कार्यालयाच्या खिडकीतून कागद परत आले. म्हणे, जिल्हा जुळत नाही. आई म्हणाली, "मी त कुठी हललीच नाही बाप्पा, जिल्हाच हलला!"

मी नेटवर्क सांभाळणारा माणूस. मला हे वाक्य ऐकताच माझी जुनी चूक आठवली. ती सांगतोच, पण आधी थोडा इतिहास.

इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात 'बासिम' नावाचा जिल्हा होता. तालुके तीन : बासिम, मंगरूळ आणि पुसद. १९०५ साली तो मोडला. बासिम आणि मंगरूळ अकोल्याखाली गेले, पुसद यवतमाळकडे. मग १ जुलै १९९८ला अकोल्यातून वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. आता तालुके सहा : वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. गावं जागच्या जागी. बदललं ते फक्त 'कोणाच्या खाली' हे.

कॉम्प्युटरच्या जगात हेच काम डिरेक्टरीत होतं. डिरेक्टरी म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कची नोंदवही. माणूस, कॉम्प्युटर, प्रिंटर, प्रत्येकाची नोंद म्हणजे एक 'ऑब्जेक्ट'. या नोंदी झाडासारख्या रचलेल्या असतात. १९८८च्या एक्स.५०० या मानकाने ही रचना पक्की केली. त्यात ऑब्जेक्टचं पूर्ण नाव म्हणजे त्याचा अख्खा पत्ता. पाकिटावर आपण लिहितो ना, गाव, तालुका, जिल्हा, राज्य? तसंच.

१९९३मध्ये नोव्हेल कंपनीच्या नेटवेअर ४ने असं झाड ऑफिसांमध्ये आणलं. त्याआधी प्रत्येक सर्व्हरची आपापली सपाट यादी असायची. एनडब्ल्यूअॅडमिन नावाच्या युटिलिटीत ऑब्जेक्ट निवडायचा, 'मूव्ह' म्हणायचं, नवी जागा दाखवायची. अख्खी फांदी हलवायची तर आधी तिचं वेगळं पार्टिशन करावं लागे. आणि जुन्या जागी 'एलिअस' ठेवता येई, म्हणजे 'हे आता तिकडे राहतात' अशी पाटी. २०००मध्ये मायक्रोसॉफ्टची अॅक्टिव्ह डिरेक्टरी आली. विंडोज सर्व्हर २००३पासून तर माऊसने ओढून नोंद इकडची तिकडे टाकता यायला लागली.

सोपं झालं आणि तिथेच मी फसलो. एका संध्याकाळी अकाउंट्स विभागाची अख्खी फांदी माझ्या हातून भलत्याच फांदीत पडली. "खरंच हलवायचं?" हा प्रश्न मी न वाचताच 'हो' दाबलं.

सकाळी फोन सुरू. लॉगिन होत होतं. फायलींवरचे हक्कही शाबूत होते, कारण ते पत्त्यावर नसतात, आतल्या ओळख क्रमांकावर असतात, आणि तो डोमेनच्या आत हलवल्याने बदलत नाही. पण अकाउंट्सची शेअर्ड ड्राइव्ह गायब! ती वरच्या फांदीच्या नियमांतून यायची, आणि आता 'वरची फांदी' दुसरीच होती. पगाराचं सॉफ्टवेअर तर कोणालाच ओळखेना. त्यात कुणीतरी पूर्वी अख्खा पत्ता टाइप करून ठेवला होता. महिनाअखेर होती. लोकांचे पगार माझ्या माऊसपायी अडकले होते.

फांदी परत जागेवर नेली आणि दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. तेव्हापासून चुकून डिलीट होण्यापासून वाचवणारी खूण मी प्रत्येक फांदीवर लावतो. विंडोज सर्व्हर २००८पासून ती मिळते आणि चुकून हलवणंही अडवते.

त्या दिवशी कळलं ते असं. हलवणं हे एका क्लिकचं काम. अवघड आहे ते जुना पत्ता कोणी कोणी पाठ करून ठेवलाय, हे शोधणं. ज्याने ओळख धरली त्याचं काही बिघडलं नाही. ज्याने पत्ता धरला तो अडला.

वाशिमचंही तेच. पिन कोड टपालाचा, म्हणून तो आजही अकोल्यासारखाच ४४४ने सुरू होतो. गाड्यांच्या पाट्या मात्र वेगळ्या : अकोला एमएच ३०, वाशिम एमएच ३७. आणि आईचा दाखला? तो चुकीचा नव्हताच. लिहिला त्या दिवशी तो खरा पत्ता होता. शेवटी आम्ही स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं की ते रिसोड आणि हे रिसोड एकच. थोडक्यात, एलिअस. फक्त तो १९९८ला कोणी ठेवला नाही, म्हणून आईला रांगेत उभं राहून स्वतः करून घ्यावा लागला.

घरी आई-बाबांचे, आजी-आजोबांचे दाखले काढून बघा. जिल्हा जुना असेल तर काम पडायच्या आधीच कागद जुळवून ठेवा. आणि तुमच्यापैकी कोणाच्या हाती कुठली डिरेक्टरी असेल, तर माऊस सोडायच्या आधी एकदा विचारा : हा पत्ता कोणाच्या दाखल्यावर आहे?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.